अहो, गोडासान!

कीं... कर्रर्र... टिंव टिंव... खर्रर्रर्र!

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, ऑफिसच्या एसीच्या पोटात मांजर अडकलं. हातातला पाइप टाकून मी धावत आत गेलो. आत ऑफिस सांभाळणारे सबनीस साहेब शांत बसले होते. म्हणाले, "दत्ताभाऊ, घाबरू नका. इंटरनेट लागतंय."

दुबईत अल बर्शाच्या मागच्या अंगाला एका छोट्या स्पोर्ट्स क्लबच्या मैदानावर मी माळी होतो. तेव्हा तिथे निम्मी वाळू होती आणि बाकी अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारती. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे मला गवत तेवढं कळतं. आता त्या जागी पार्किंग झालंय म्हणे. पण आम्ही जुनी माणसं भेटलो की किस्से निघतातच. तिथल्या वाळूसारखं आहे ते. सकाळी उंबरा झाडून काढावा, दुपारी पुन्हा तेवढीच जमलेली. आणि त्यातले निम्मे किस्से एकट्या गोडासानचे!

पण आधी त्या इंटरनेटचा एक सांगतो.

त्या काळी फोनची आणि इंटरनेटची तार एकच असायची. इंटरनेट लागलं की फोन बंद, आणि कोणी फोन उचलला की इंटरनेट तुटलं. आमचे मुदीर, म्हणजे मॅनेजर, पॅलेस्टाइनचे. मनाने फार भले, पण फोनवाचून त्यांना घास उतरायचा नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्या खोलीत रिसीव्हर उचलला तर कानात कीं कर्रर्र! त्यांनी अदबीने "सलाम आलेकुम" म्हटलं. पलीकडून पुन्हा कर्रर्र. त्यांनी पुन्हा सलाम केला, तब्येत विचारली, घरच्यांची खुशाली विचारली.

मग दारात येऊन हळू आवाजात सबनीस साहेबांना म्हणाले, "हबीबी, फोनवर कोणीतरी फार आजारी माणूस आहे. बिचाऱ्याला बोलताच येत नाही!"

*

गोडासान आले ते मुलांना फुटबॉल शिकवायला. गोडा हे त्यांचं आडनाव. सान हे जपानी लोक नावापुढे लावतात, आपण राव लावतो तसं. ओसाका गावचे. पूर्वी जपानात मोठ्या टीममधून खेळायचे एवढंच मुदीरनी सांगितलं. माणूस सडपातळ, कमी बोलणारा. मीही कमीच बोलतो. त्यामुळे आमचं जमणार हे मला बघताक्षणीच कळलं.

पण पहिल्या दिवशी काय झालं! मी पाण्याच्या लाइनसाठी खड्डा खणून ठेवला होता. गोडासान वर इमारतींकडे बघत बघत सरळ त्याच्याकडेच निघाले. मी लांबून ओरडलो, "अहो! अहो! अहो, थांबा!"

ते जागच्या जागी थांबले. तोंड एकदम उतरलं. माझ्याकडे वळून कमरेत वाकले, चांगले खोल वाकले, आणि आपल्या खोलीत जाऊन बसले.

संध्याकाळी सबनीस वहिनी साहेबांना न्यायला आल्या. गेटातूनच हाक, "अहो, चला ना, उशीर झाला!" गोडासाननी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. वहिनी पुन्हा म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का?" डोकं आत!

मी म्हटलं, असेल जपानात बायकांच्या आवाजाला घाबरायची पद्धत.

*

गवताला पाणी घातलं की ते पूर्ण मुरेपर्यंत गोडासान कोणालाही मैदानावर पाय ठेवू द्यायचे नाहीत. स्वतःही बूट हातात घेऊन कडेकडेने, पूर्ण मैदानाला वळसा घालून जायचे. बॉल मध्ये राहिला तर राहिला.

एकदा मुदीर मालकांच्या फोनसाठी घाईत निघाले, थेट मैदानातून. गोडासान आडवे उभे राहिले. हात पसरून म्हणाले, "नो. ग्रास ड्रिंकिंग. वेट."

मुदीर म्हणाले, "यल्ला, हबीबी, मालकांचा फोन आहे! अर्जंट!"

गोडासाननी मान डोलावली. मालक महत्त्वाचे, हे त्यांना मान्य होतं. पण वाकून पुन्हा म्हणाले, "ग्रास ड्रिंकिंग."

मुदीर वळसा घालून गेले. तोवर फोन बंद झालेला. नंतर मालकांना काय सांगितलं असेल? मी स्वतः ऐकलं. "सॉरी सर, गवत पाणी पीत होतं!"

*

सबनीसांची केतकी तिथेच जन्मलेली, तिथेच वाढलेली. आई मराठीत विचारणार, ही इंग्लिशमध्ये उत्तर देणार. मुलींमध्ये तीच चांगली खेळायची. वहिनींनी तिच्याकडून कोचचं नाव ऐकलं आणि टाळी वाजवून हसल्या. "गोडा? अगं, गोडा तर आपल्या डब्यात असतो!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरच्या गोड्या मसाल्याची पुडी आणली. गोडासानना समजावून सांगितलं, "धिस मसाला, नेम गोडा. यू, नेम गोडा. सेम सेम."

त्यांनी दोन्ही हातांनी पुडी घेतली. कपाळाला लावली म्हणा ना, इतकी जपून.

सकाळी ते सरळ वहिनींसमोर जाऊन उभे राहिले, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले, "आय ॲम व्हेरी टेस्टी!"

*

त्या वर्षी जपान-कोरियात वर्ल्ड कप होता. पोरांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. एका शुक्रवारी केतकी वडिलांच्या कॉम्प्युटरवर बसली आणि सरांचं नाव टाकलं. कीं कर्रर्र झालं, आणि एक पान उघडलं. सगळे चौकोनच चौकोन! जपानी अक्षरं आमच्या कॉम्प्युटरला वाचता येत नव्हती.

साहेब म्हणाले, "बंद कर, बिघडलंय ते."

पण चौकोनांच्या मधोमध गोडासानचा फोटो होता. तरुण, केस वाढलेले. आणि खाली एक आकडा, किती माणसं हे पान बघून गेली त्याचा. साहेबांनी तो आधी इंग्लिशमध्ये वाचला, मग मराठीत वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"दत्ताभाऊ," ते म्हणाले, "एवढी माणसं तर अख्ख्या दुबईत नसतील."

त्याच पानावर तिकिटाएवढं एक हलतं चित्र होतं. ते उतरून यायला इतका वेळ लागला की मी चहा केला, आम्ही प्यायलो, कपही विसळून झाले. मग ते हललं. गोडासान बॉल घेऊन एकटेच धावत होते. समोर गोल मोकळा. समोरच्या टीमचा गोलकीपर आपल्याच एका माणसावर आपटून जमिनीवर पडला होता. लहान पोरानेही मारला असता असा गोल! आणि गोडासाननी बॉल मैदानाबाहेर मारला आणि ते त्या पडलेल्या गोलकीपरकडे धावले.

मुदीर पाठीमागून बघत होते. म्हणाले, "चुकला?"

केतकी म्हणाली, "नो अंकल. ही डिडन्ट मिस. ही डिडन्ट वॉन्ट टू."

 आम्ही ते चित्र पुन्हा लावलं. मला एकच कळत होतं. ओसाकात एका माणसाने बॉल बाहेर मारला, आणि तो इथे वाळूत आमच्या पायाशी येऊन पडला.

पानाच्या तळाला लाल अक्षरांत इंग्लिशमध्ये एक ओळ होती. तू आता कुठे आहेस, गोडा? खाली उत्तर लिहायला जागा. केतकीने तिथे टाइप केलं, "ही इज इन दुबई. ही इज शाउटिंग ॲट मी टू कम आउट अँड प्रॅक्टिस."

*

झालं! माणसं यायला लागली.

आधी विमानातल्या दोन जपानी हवाई सुंदऱ्या आल्या. गोडासान दिसताच दोघी रडायला लागल्या. मग एक म्हातारं जोडपं आलं, टूरमधून वाट वाकडी करून. मग सुट्टीवर आलेला एक ब्राझीलचा माणूस. त्याला जपानी येत नव्हतं, गोडासानना त्याची भाषा येत नव्हती. त्याने नुसता बॉल उचलला, बाहेर मारून दाखवला, आणि छातीवर हात ठेवला. मी बघतच राहिलो. कुठला कोण!

गोडासान सगळ्यांना वाकून नमस्कार करायचे, आणि कोणी कॉम्प्युटरचं नाव काढलं की खोलीत निघून जायचे. केतकीने किती वेळा हात धरून ओढलं. "सर, प्लीज, जस्ट सी वन्स!" ते म्हणायचे, "नो. आय नो. इनसाइड, बॅड वर्ड."

फोटो मात्र सगळे काढायचे. एका फोटोत मीही आलो, गोडासानच्या मागे, हातात पाइप. तो फोटो त्या पानावर चढला. पुढे जपानी वाचणारा माणूस भेटला तेव्हा साहेबांनी त्याला विचारलं, आमच्या दत्ताभाऊंच्या फोटोखाली चौकोनात काय लिहिलंय?

त्याने वाचून सांगितलं. "गोडाला पाणी घालणारा माणूस."

*

तो जपानी वाचणारा माणूस म्हणजे जेबेल अलीला लागलेल्या एका बोटीवरचा इंजिनियर. वयाने माझ्याएवढा. गोडासानच्या टीमचा जुना भक्त. ते पान चालवणाऱ्या मंडळींपैकीच एक. ऑफिसात बसून साहेबांशी इंग्लिशमध्ये बोलत होता. मी सवयीप्रमाणे खिडकीतून मैदानावर हाक मारली, "अहो गोडासान, चहा!"

बोटवाल्याच्या हातातला कप बशीवर आपटला. त्याने साहेबांना विचारलं, "हे गृहस्थ त्यांना असं का बोलतात?"

"कसं?"

मग त्याने सांगितलं. ओसाकात अहो म्हणजे मूर्ख!

त्या हलत्या चित्रातला सामना सीझनचा शेवटचा होता. तो गोल झाला असता तर टीम वरच्या गटात राहिली असती. झाला नाही, आणि टीम खाली गेली. आणि तो गोलकीपर? त्याला काही झालंच नव्हतं. नुसता दम कोंडला होता. उठून कपडे झटकून उभा राहिला. तेव्हा स्टँडमधून एक जण ओरडला, "अहो!" मग दुसरा. मग अख्खं स्टँड. गोडासान मैदानातून बाहेर जाईपर्यंत तो एकच शब्द. त्यानंतर ते खेळले नाहीत. देश सोडला तो सोडलाच.

 पहिल्या दिवसापासून रोज सकाळी मी त्यांना काय म्हणत होतो! अहो गोडासान, चहा. अहो गोडासान, पाणी सोडू का? आणि हा माणूस दर वेळी वाकून येत होता. त्याला वाटत असणार, एवढ्या लांब, वाळूतसुद्धा बातमी पोचली. माळ्यालाही ठाऊक आहे.

बोटवाला म्हणाला, "आता आम्हीही तसंच म्हणतो. पण आता वेगळं म्हणतो." ओसाकातली आई पोराला जेवायला वाढताना लाडाने म्हणते तसं, असं काहीतरी त्याने सांगितलं. "टीम पुन्हा वर आली आहे. आम्ही एका दिवसासाठी त्यांना बोलावतोय. नुसतं मैदानावर येऊन उभे राहा म्हणतोय. ते ऐकत नाहीत."

*

पुढच्या शुक्रवारी मी गोडासानना घेऊन टेलिफोनच्या बूथवर गेलो. मला भाषणं येत नाहीत. गावी फोन लावला, बायको आली, आणि मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला.

"अहो," ती म्हणत होती, "अहो, ऐकताय ना? जेवलात का? अहो, बोला की!"

गोडासाननी दचकून माझ्याकडे बघितलं. "युवर वाइफ?"

"येस."

"शी से, अहो?"

"डेली."

"अँग्री?"

"नो अँग्री. नवऱ्याचं नाव घेत नाहीत आमच्यात. नेम नो टेक. रिस्पेक्ट." एवढं बोलून मला लाजल्यासारखं झालं, पण म्हटलं एकदाचं, "लव्ह."

त्यांनी रिसीव्हर पुन्हा कानाला लावून ऐकलं. मग विचारलं, "एव्हरी वाइफ?"

"ऑल वाइफ. ऑल महाराष्ट्र."

"ऑल हसबंड," ते सावकाश म्हणाले, "अहो!"

आणि हसले. इतके हसले की बूथची काच धरून खाली बसले. फोनमधून बायको ओरडत होती, "अहो, कोण हसतंय तिकडे?" तेव्हा तर ते डोळे पुसायला लागले.

आम्ही परत निघालो. गेटाजवळ आल्यावर म्हणाले, "दत्तासान. माय फादर. दॅट डे, ही इज इन स्टँड."

मी थांबलो.

"ऑल शाउटिंग. फादर शाउटिंग? नॉट शाउटिंग? आय डोन्ट आस्क." हाताने वाळू, इमारती, सगळं दाखवून म्हणाले, "आय कम हिअर."

म्हणजे त्या पानावरच्या लाखो माणसांनी काय लिहिलं, याची त्यांना भीती नव्हतीच. एकाच माणसाची होती. मी साहेबांना सांगितलं, आणि साहेबांनी बोटवाल्याला लिहिलं.

*

आता हा शेवटचा.

बोट जपानला परतली. काही आठवड्यांनी त्या इंजिनियरचा ईमेल आला. त्याला एक आवाज जोडलेला होता. आमच्या त्या तारेवरून आवाज उतरवून घ्यायचा म्हणजे अख्खी दुपार! मध्ये कोणी फोन उचलला तर पुन्हा पहिल्यापासून. तर आमच्या मुदीरनी काय करावं? खुर्ची ओढून ते स्वतः फोनसमोर बसले. मालकांचा फोन यायची वेळ झाली तरी हलले नाहीत. म्हणाले, "नो फोन. खलास. आज तो आजारी माणूस बोलणार आहे!"

मी मैदानाला पाणी घातलं होतं. ते मुरायचं होतं. गोडासान कडेला बसून बूट पुसत होते. केतकीने जाऊन त्यांचा हात धरला आणि ओढत आणलं. या वेळी ते आले. बूट दाराशी काढले, मोज्यांवर आत येऊन भिंतीशी उभे राहिले.

केतकीने बटण दाबलं.

आधी नुसता घोंघाट. मग ढोल. मग कळायला लागलं, ते मैदान होतं. त्यांचं ओसाकाचं मैदान, भरलेलं. हजारो माणसं एका तालात म्हणत होती, "अ-हो! गो-डा! अ-हो! गो-डा!"

वहिनी चहाचे कप घेऊन आत येत होत्या. त्या दारातच थांबल्या. "अगं बाई! एवढी सगळी माणसं ह्यांना अहो म्हणतायत?"

गोडासाननी माझ्याकडे बघितलं. काय म्हणाल्या त्या? मी म्हटलं, "शी से, ऑल युवर वाइफ!"

सगळे हसले. मुदीर हसले, साहेब हसले, गोडासानही हसले. ढोल थांबले. आम्हाला वाटलं, संपलं. केतकीने हात पुढे केला.

तेवढ्यात एक आवाज आला. एकच. म्हाताऱ्या माणसाचा. जवळून आलेला, तोंडाशी काहीतरी धरून बोलावं तसा. आधी खोकला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग सावकाश, दमून, जेवायला हाक मारावी तसं,

"अहो..."

आणि पुढे एक लहानसा जपानी शब्द.

 वहिनींच्या हातातले कप तसेच. गोडासाननी एक बोट वर केलं, पुन्हा एकदा. केतकीने पुन्हा लावलं. खोकला. शांतता. अहो. आणि तो लहानसा शब्द.

मी विचारलं, "गोडासान, काय म्हणतायत ते?"

ते कॉम्प्युटरसमोर वाकले. पहिल्या दिवशी माझ्यासमोर वाकले होते, त्याहून खोल. सरळ झाले. दारातले बूट हातात घेतले. मग "होम," एवढंच म्हणून बाहेर पडले, आणि कडेने वळले नाहीत. नुसत्या मोज्यांवर, ओल्या गवतातून, मैदानाच्या मधोमध, सरळ गेटाकडे चालत गेले.